टेलव्हीलची स्प्रिंग बदलायची आहे, तीच घेऊ की जाड घेऊ?

शेपटीवाला

मंडळी नमस्कार. मी आणि एक मित्र मिळून दोन सीटचं जुनं कापडी टेलड्रॅगर (शेपटीखाली छोटं चाक असलेलं विमान) सांभाळतो, टाइप सर्टिफिकेटवालं म्हणजे मंजूर रचनेचं कारखान्यात बनलेलं आहे, होमबिल्ट (घरी बांधलेलं) नाही. त्याच्या टेलव्हीलची तीन पाट्यांची स्प्रिंग आता बदलायला आली आहे असं वाटतंय. उतरल्यावर वेग कमी होत आला की मागून असा थरथराट सुरू होतो की पेडलवर पाय टिकत नाहीत, आणि स्टिक पोटाशी ओढून धरली की कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. विमान उभं असताना बाजूने बघितलं तर स्प्रिंग जवळजवळ सपाट दिसते, पूर्वी चांगली कमान होती म्हणतात.

आता पर्याय असे दिसतायत: जशी होती तशीच नवी, किंवा तशीच पण जाड पाट्यांची "हेवी ड्युटी", किंवा टायटॅनियमची, किंवा सगळे पाटे काढून एकच गोल दांडा. मित्राचं म्हणणं जाड घ्या, परत सपाट होऊन बसायला नको. मला ते पटत नाहीये पण का ते सांगता येत नाहीये 😅 कोणी अनुभवी माणसाने सांगा.

हँगरकाका

मित्राला आधी थांबवा. आणि स्प्रिंगची ऑर्डर देण्याआधी एक माप घ्या, कारण तुमचा त्रास स्प्रिंगच्या ताकदीचा नाहीये, कोनाचा आहे असं मला वाचून वाटतंय.

टेलव्हीलचं डोकं ज्या उभ्या पिनवर फिरतं ती पिन बघा. विमान सपाट जमिनीवर, टाकीत इंधन, सीटवर दोन माणसं किंवा तेवढं वजन, आणि मग बाजूने त्या पिनला मोबाईलचं लेव्हल लावा. पिन सरळ उभी हवी किंवा तिचा वरचा टोक किंचित मागे, शेपटीच्या दिशेने झुकलेला हवा. स्प्रिंग बसली की तिचं मागचं टोक वर उचललं जातं आणि त्याच्यासोबत पिनचा वरचा टोक पुढे, नाकाच्या दिशेने कलतो. एकदा तसं झालं की पिनची रेषा जमिनीवर जिथे टेकते ती जागा टायरच्या जवळ सरकते त्यामुळे चाकाला मागे मागे सरळ धावत ठेवणारी ओढ कमी होते. तिथून शिमी, म्हणजे चाकाचा डावी-उजवीकडे थरथराट, सुरू. स्टिक ओढली की शेपटीवर भार वाढतो, स्प्रिंग अजून सपाट, कोन अजून वाईट, म्हणून तुमचा थरथराट वाढतो. सुरू झालाच तर स्टिक जरा सैल सोडून शेपटीचं वजन हलकं करा आणि विमान थांबवा, ओढत बसू नका.

आता जाड पाट्याबद्दल. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. १/४ इंचाचा ५/१६ केला तर हाताला फरक जेमतेम जाणवतो पण पाटा जवळपास दुप्पट कडक होतो. तेवढा धक्का मग कुठे जाणार? शेपटीच्या पोस्टला (टोकाच्या उभ्या नळीला) आणि मागच्या लाँजरॉनच्या (फ्रेमच्या लांब आडव्या नळ्यांच्या) जोडांना. स्प्रिंग हा त्या जागेचा फ्यूज आहे, ती वाकते, बसते, कधी तुटतेही, पण ती बदलता येते. मागची नळ्यांची फ्रेम तडकली तर कापड उतरवून वेल्डिंग करावं लागतं. मला शेपटीच्या नळ्यांना तडा गेलेली विमानं जाड स्प्रिंगसोबतच जास्त दिसली आहेत, बाकी लोकांचा अनुभव वेगळा असेल.

रिव्हेट_राजा

काकांशी सहमत, फक्त दोन गोष्टी जोडतो.

शिमी म्हणजे सगळं स्प्रिंगवर ढकलू नका. टायरमधली हवा बघा, चाक हातात धरून हलवा, पिनच्या बुशिंगमध्ये खेळ असेल तर नवी स्प्रिंग लावूनही थोड्या दिवसांत परत तेच. रडरच्या शिंगापासून (रडरला खाली जोडलेल्या आडव्या पट्टीपासून) टेलव्हीलपर्यंत ज्या साखळ्या आणि छोट्या स्प्रिंगा येतात त्याही बघा, डाव्या उजव्या मुद्दाम थोड्या वेगळ्या कडकपणाच्या बसवायची पद्धत आहे, दोन्ही एकाच तालात हलू नयेत म्हणून. कोणीतरी "बरोबर जुळत नाहीत" म्हणून दोन्ही सारख्या करून ठेवतो आणि मग वैताग. अर्थात तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते अंतिम.

आणि टायटॅनियम. वजन पोलादाच्या ५६ टक्क्यांच्या आसपास, ऐकायला भारी, पण त्याचा कडकपणाही पोलादाच्या साधारण तेवढाच टक्के. म्हणजे त्याच मापाचा पाटा लावला तर शेपूट लोंबणार. तोच कडकपणा हवा तर जाडी २० टक्क्यांहून थोडी जास्त वाढवावी लागते आणि मग वजनाची खरी बचत ३० टक्क्यांच्या आसपास उरते. वर टायटॅनियमला ओरखडा अजिबात चालत नाही, ओरखड्यापासून तडा सुरू होतो, आणि टेलव्हील म्हणजे खडी उडणारी जागा. होमबिल्टवाल्यांनी हौस करावी, तुमच्या केसमध्ये मंजुरीचा कागदच निघणार नाही बहुतेक.

ढगातला

गोल दांड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. व्हॅन्सच्या आरव्ही विमानांवर निमुळता पोलादी दांडा असतो, हलका, हवेचा अडथळा कमी, दिसतोही छान. पण ते विमान पहिल्यापासून त्यासाठीच बनवलेलं आहे, मागे दांड्याचा सॉकेट आहे. पाट्यांच्या विमानाला दांडा लावायचा म्हणजे पूर्ण मागची बैठक बदलणं आलं. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात त्या घासण्यात धक्क्याची थोडी ऊर्जा मरते, दांड्यात ते नाही, तो उसळतो.

पाट्यांत भरपूर ग्रीस भरून ठेवतात लोक, मला ते आवडत नाही, वाळू धरून बसते. गंज लागू नये एवढा पातळ थर पुरे.

हँगरकाका

ग्रीसवर आमचं जमणार नाही 😀 दमट हवेत उभं राहणारं विमान असेल तर मी ग्रीसच लावीन आणि वर्षातून एकदा उघडून पुसून घेईन. गंजाचा खड्डा हाच तडा जायची सुरुवात असतो, आणि पाट्याच्या मधल्या बाजूला तो बाहेरून दिसतच नाही.

शेपटीवाला

काका, आज माप घेतलं. पिनचा वरचा टोक स्पष्ट पुढे कललेला आहे, दोघं बसलो की अजून. बुशिंगमध्ये खेळ नाही, टायर ठीक. म्हणजे स्प्रिंगच बसली आहे. आता मित्र म्हणतो की कमान ठोकून परत आणू, नाहीतर पाचर घालू डोक्याखाली. आणि जुने पाटे झिंक करून घेऊ का, गंजाचा विषय आला म्हणून विचारतो.

हँगरकाका

पाचर घालून कोन सुधारतो हे खरं, निदान करायला उपयोगी आहे, पण बसलेली स्प्रिंग बसतच जाते आणि पाचर तिला काही थांबवत नाही. कमान ठोकून आणायची असेल तर नंतर पूर्ण हीट ट्रीटमेंट परत करायला लागते, नुसती थंड ठोकलेली लवकरच परत बसते आणि टॉर्चने गरम केलेली तर पाण्यात गेली समजा, त्या जागचं टेंपर (हीट ट्रीटमेंटने आलेला कडकपणा) उडतं. वेल्डिंग, नवीन भोक, ग्राइंडरचा आडवा ओरखडा, यातलं काहीच पाट्यावर नको.

झिंक नकोच. ॲसिडमध्ये धुवून प्लेटिंग केलं की हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, नंतर वेळेत भट्टीत बेक केलं नाही तर स्प्रिंग उडताना सोडा, हँगरमध्ये उभ्या विमानाखाली तुटू शकते. साधा प्रायमर आणि रंग, तोही पातळ, म्हणजे तडा आला तर दिसेल.

रिव्हेट_राजा

म्हणजे निष्कर्ष तीच घ्या 🙂 पण ऑर्डर करताना पार्ट्स कॅटलॉगमधला नंबर बघून, मूळ कंपनीची किंवा पीएमए (दुसऱ्या कंपनीला तो भाग बनवायची अधिकृत मंजुरी) असलेली, आणि पट्टीने पाट्याची रुंदी मोजून. टेलव्हीलची डोकी सव्वा इंची आणि दीड इंची पाट्यांसाठी वेगवेगळी येतात, विमान जुनं आहे तर मधल्या कुठल्यातरी मालकाने डोकं बदललेलं असू शकतं आणि कॅटलॉगवर भरवसा ठेवला तर बसणारच नाही. हेवी ड्युटीला तुमच्या मॉडेलसाठी एसटीसी (मूळ रचनेत बदल करायची अधिकृत मंजुरी) असेल तर गोष्ट वेगळी, तरी वजनाचा हिशोब करा. ६०० किलोच्या विमानात गुरुत्वमध्यापासून साडेचार मीटर मागे दीड किलो वाढवलं की गुरुत्वमध्य सुमारे ११ मिमी मागे सरकतो. मागची मर्यादा आधीच जवळ असेल तर सामान ठेवायच्या जागेत मग काही ठेवायचं नाही.

शेपटीवाला

मित्र तयार झाला, ११ मिमी वाचून गप्प बसला. मूळ नंबरचीच मागवतो. बोल्ट जुनेच वापरू का?

ढगातला

नाही, पुढचा बोल्ट आणि क्लॅम्पचे बोल्ट नवे घ्या, तिथेच सगळा भार येतो. जुना बोल्ट काढल्यावर त्याच्या दांड्यावर पायरी पडली आहे का बघा, पडली असेल तर फ्रेमवरचं भोकही अंडाकृती झालंय का ते इंजिनिअरला दाखवा, स्प्रिंग लावायच्या आधी. आणि नवी स्प्रिंग बसवली की शेपूट थोडी वर येणार, साखळ्यांची लांबी परत जुळवावी लागेल, वजन टाकून किंचित सैल.

हँगरकाका

आणि बसवल्यावर पिनचा कोन परत मोजून इथे टाका, दोघं बसलेले असताना.