कोळंबीची सालं: प्रोटीनच्या आकड्यावर जाऊ नका

प्रोटीनसाठी घालायची सोयापेंड परवडत नाही, तर पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारातली कोळंबीची डोकी-सालं वाळवून अंड्याच्या कोंबड्यांना घालावीत का, असं एकाने विचारलंय. थोडी घाला, पण पेंड पूर्ण काढू नका. लॅब नायट्रोजनला 6.25 ने गुणून प्रोटीन काढते. त्यात सालांमधल्या कायटिनचा (साल ज्याने कडक होते त्या पदार्थाचा) नायट्रोजनही धरला जातो, आणि कायटिन कोंबडीला फारसं पचत नाही; म्हणून आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. कॅल्शियम मात्र भरपूर, तेव्हा शिंपल्याचा चुरा त्या मानाने कमी करा. मीठ आधी तपासून घ्याच. ते वाढलं की कोंबड्या पाणी पीत सुटतात, विष्ठा पातळ होते, लिटर (जमिनीवरचा भुशाचा थर) ओलं होऊन अमोनिया सुटतो आणि शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात. आणि कृपा करून ओला माल नुसता उन्हात पसरू नका, आधी चांगला उकळा; साल्मोनेला हा रोगजंतू उन्हाने मरेलच असं नाही. बलक सुरेख केशरी येतो, हा फायदा खरा.