मदत हवी आहे: नाव सासरच्या अंगणवाडीत, बाळंतीण माहेरी

थोरली_पोर

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. ती बाळात गुंतलीय म्हणून मी लिहितेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बहिणीचं सासर नाशिक जिल्ह्यात, माहेर जालना जिल्ह्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून तिला इकडे आणलं. मुलगी झाली, आता अकरा आठवड्यांची आहे. दिवस गेल्यावर सासरच्या अंगणवाडीत तिचं नाव लागलं होतं आणि पोषण आहाराची पाकिटं मिळत होती. माहेरी आल्यापासून, म्हणजे जवळपास पाच महिने, एक पाकीट नाही.

इथल्या अंगणवाडीताई म्हणतात, "नाव तिकडं आहे, मी देऊ कुठून?" तिकडच्या ताई म्हणतात, "बाई समोर पाहिजे, चेहरा जुळल्याशिवाय वाटप होत नाही." तिच्या सासूबाई खटपट्या. त्यांनी अंगणवाडीत बसून व्हिडिओ कॉल लावला आणि आपला मोबाईल ताईंच्या मोबाईलपुढे धरला. अ‍ॅप म्हणतंय डोळ्यांची उघडझाप करा. इकडे बहीण लेकीला मांडीवर घेऊन डोळे मिचकावतेय, तिकडे रेंज अडकून तिचा चेहरा नेमका डोळे मिटलेला थिजलेला. पंधरा मिनिटं हाच खेळ. शेवटी ताईच म्हणाल्या, "मावशी, राहू द्या, असं चालत नाही."

दुसरं दुखणं मातृवंदना योजनेचं. फॉर्म सासरच्या आशाताईंनी चौथ्या महिन्यात भरला, सोबत लग्नानंतर उघडलेल्या खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स दिली. पहिल्या हप्त्याचे ३,००० अजून आलेले नाहीत. तिचे मिस्टर चाकणला कंपनीत कंत्राटावर आहेत, त्यांच्याकडून चौकशी होत नाही. आधारला मोबाईल नंबरही त्यांचाच आहे. पाळीत फोन बाहेर जमा करावा लागतो, त्यामुळे ओटीपी विचारायची वेळ आली की सगळंच बोंबलतं.

तर नाव इकडे आणता येतं का, का बाळंतिणीनं पाकिटासाठी नाशिकला जायचं? आणि पैशाची चौकशी कुठं करायची?

रिकामा_घडा

ताई, राग मानू नका, पण ती पाकिटं खातं कोण? आमच्या गावात सगळी म्हशीच्या आंबोणात जातात. चार पाकिटांसाठी एवढी धावाधाव कशाला?

थोरली_पोर

राग मानलाय. वडिलांची अडीच एकर कोरडवाहू आहे आणि घरात खाणारं एक तोंड वाढलंय. पाकिटातल्या पिठात कांदा, ओवा आणि थोडं ज्वारीचं पीठ घालून आई थालीपीठं लावते, ती बहीण आवडीनं खाते. तुमच्या म्हशीला माझा नमस्कार सांगा.

चूल_आणि_रजिस्टर

मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे, सतरा वर्षं झाली. आधी थोडी आमची बाजू ऐका. सगळा कारभार आता पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर आहे. चेहरा पटवणं १ जुलै २०२५ पासून सक्तीचं झालंय. आम्हाला माल येतो तो नावांच्या हिशेबानं. वीस नावं असतील तर वीस जणींचा. नोंद नसलेल्या बाईला मी दिलं तर माझ्या यादीतली एक रिकाम्या हातानं जाते, आणि ती मग माझ्या दारात येऊन भांडते. तुमच्या इथल्या ताई वाईट नसाव्यात. पण "नाव तिकडं आहे" एवढं सांगून बाईला परत पाठवणं हेही बरोबर नाही. त्यांनी पुढचं सांगायला हवं होतं.

नाव हलतं. अ‍ॅपमध्ये स्थलांतराची सोय आहे. एका आधारवर एकच चालू नोंद राहते, म्हणून इथल्या ताई नवीन म्हणून भरायला गेल्या तर अडणारच. सोपा उपाय म्हणजे सासरच्या ताईंचा नंबर घ्या आणि दोघींचं फोनवर बोलणं करून द्या. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका, निरोपात अर्धं गळतं. बहिणीचं आधार कार्ड आणि माता बाल संरक्षण कार्ड घेऊन इथल्या अंगणवाडीत जा. ई-केवायसी परत मागितली तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जाणार, म्हणून मिस्टरांच्या सुट्टीचा दिवस बघून जा. आणि सवड झाली की आधार केंद्रात जाऊन आधारला तिचा स्वतःचा नंबर लावून घ्या. माझ्या यादीतल्या निम्म्या बायकांचे नंबर नवऱ्याचे नाहीतर दिराचे आहेत. दर महिन्याला माझा अर्धा दिवस "दादा, आलेला नंबर सांगा" यातच जातो.

दोघींनी हात वर केले तर पर्यवेक्षिका मॅडमना गाठा. त्यानंतर पंचायत समितीत बाल विकास प्रकल्प अधिकारी बसतात, त्यांच्याकडे साध्या कागदावर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवरून विचारायचं तर पोषण हेल्पलाइनही आहे.

मागच्या पाच महिन्यांचं मात्र विसरा. साचलेलं एकदम दिलेलं मी तरी पाहिलं नाही.

थोरली_पोर

ताई, तुमचे कसे आभार मानू. आणखी एक: गावात कुणीतरी सांगितलं की अंगणवाडीच्या आहाराला पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागतं. आमचं कार्ड वेगळं करायचं राहिलंय.

अर्धा_वकील

लागत नाही. अंगणवाडीच्या लाभासाठी दारिद्र्यरेषेची अट लावू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सांगितलंय. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्याच्या कलम ४ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेला बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार लिहिलाय. "स्थानिक" म्हणजे सासरची असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. बाई जिथं राहते तिथली. कुणी रेशनकार्ड मागितलंच तर "लेखी मागा" म्हणा, बहुतेक वेळा मागणी तिथंच संपते.

मातृवंदनेला मात्र अटी आहेत: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, किंवा ई-श्रम, जॉब कार्ड, दारिद्र्यरेषेचं कार्ड असं काहीतरी. अनुसूचित जाती-जमाती, शेतकरी सन्मानवाल्या महिला, तेही बसतात. सरकारी नोकरीतल्या बसत नाहीत.

सुरगाण्याची_सून

सासर नाशिकमध्ये कुठल्या बाजूला? आमच्या आदिवासी पट्ट्यात अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचं गरम जेवण. मुलांना अंडी, केळी. माझ्या दोन्ही वेळेला तिथंच जेवले.

थोरली_पोर

नाही हो, ती दुसरी बाजू, द्राक्षबागांची.

जुना_खातेवही

निवृत्त बँकवाला आहे, पैशाचं मी सांगतो. तुम्ही पासबुक कुठलंही द्या, मातृवंदनेचे पैसे आधारवर जातात. आधार नंबर ज्या खात्याला शेवटचा जोडला गेलाय, तिथंच. लाडक्या बहिणीच्या वेळी काउंटरवर हाच गोंधळ होता: बाई पासबुक घेऊन भांडतेय आणि पैसे गुपचूप दुसऱ्याच बँकेत पडलेत. तेव्हा बहिणीची सगळी जुनी खाती आठवा. शिष्यवृत्तीचं, गॅस सबसिडीचं, सिम घेताना दुकानदारानं परस्पर उघडलेलं. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं, मात्र तिथंही ओटीपी लागतो.

दुसऱ्या हप्त्याचं विसरू नका. पहिल्या अपत्याला एकूण ५,०००: गरोदरपणाची नोंद आणि तपासणीनंतर ३,०००, मग जन्माची नोंद आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. तुमची भाची अकरा आठवड्यांची, म्हणजे वेळ जवळ आलीय. जन्माचा दाखला काढलाय ना? (दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकरकमी मिळतात, पण तो विषय आत्ता बाळंतिणीपुढे काढू नका.)

थोरली_पोर

काका, तुमचं तोंड साखरेनं भरायला हवं! कॉलेजला असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं होतं, माहेरच्या नावानं. पासबुक आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी सापडलं. वडील आज तालुक्याला जाऊन एंट्री मारून आले. ३,००० जमा आहेत, तेही ती इकडे यायच्या आधीपासून. आणि आम्ही बिचाऱ्या आशाताईंना केव्हापासून बोल लावतोय. बहिणीनं त्यांना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमची तिसरी."

रिकामा_घडा

अभिनंदन. म्हशीनं नमस्कार पोचल्याचं कळवलंय.

थोरली_पोर

नऊ दिवसांनी लिहितेय. दोन्ही ताईंचं बोलणं करून दिलं. आधी दोघी जरा ताठ होत्या, मग दोघींची पर्यवेक्षिकांबद्दलची तक्रार एकच निघाली आणि सूर जुळले. मिस्टरांच्या रविवारी ओटीपी विचारला. पहिला फुकट गेला, दुसरा लागला. नाव इकडे आलं. चेहरा मात्र तीन वेळा जुळेना. जुना फोटो लग्नाच्या मेकअपमधला, आणि आताची ही रात्रभर जागलेली. ताईंनी तिला दारात उजेडाला उभं केलं, डोक्याला बांधलेला रुमाल काढायला लावला, तेव्हा हिरवी खूण आली. पाकिटं पुढच्या वाटपाला मिळतील असं सांगितलंय.

चूल_आणि_रजिस्टर ताई, शेवटचं विचारते. पाकीट बाळाच्या नावानं कधीपासून?

चूल_आणि_रजिस्टर

सहा महिने पुरे झाले की. तोवर तिला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. सहा महिन्यांनंतर आईचं पाकीट बंद होतं आणि मुलीचं तिच्या नावानं सुरू होतं. हा बदल कधी कधी राहून जातो, म्हणून त्या आठवड्यात स्वतः जाऊन आठवण करा आणि वजन-उंचीही तेव्हाच करून घ्या. मुलीला वेगळं आधार लागत नाही, आईच्या आधारवर चालतं. आणि सासरी परत जायच्या आधी पंधरा दिवस दोन्ही ताईंना सांगा, नाहीतर हीच गोष्ट उलट्या दिशेनं.

थोरली_पोर

सासरी कधी जाणार ते अजून ठरत नाहीये. आई म्हणते सहा महिन्यांनी, सासूबाई म्हणतात बारशाला तसं बोलणं झालं नव्हतं. त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.