मदत हवी आहे: पेशीतल्या रेणूचा एमएसडी आलेख आडवा होतोय

निपाणीकर: एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. पेशीत जीएफपी (हिरवं चमकणारं) प्रथिन कसं फिरतं, त्याचं रँडम वॉक (कण दर उडीला कुठल्याही दिशेनं जातो) सिम्युलेशन पायथनमध्ये केलंय. सरासरी वर्ग विस्थापन (एमएसडी, म्हणजे कण सुरुवातीच्या जागेपासून जितका दूर गेला त्या अंतराच्या वर्गाची सरासरी) वेळेबरोबर सरळ रेषेत वाढायला हवं. माझं आधी वाढतं, मग आडवं होतं. डी (कण किती झपाट्यानं पसरतो तो गुणांक) ७.७ घेतलाय. सोमवारी दाखवायचंय, लवकर सांगा की कुणीतरी.

खानापूरकर: कुठली पेशी? डीचं एकक? भिंत दिली आहे की कण मोकळाच? टाइम स्टेप (दोन उड्यांमधला वेळ) किती?

संकेश्वरी: गर्दीचा परिणाम आहे हा. पेशी प्रथिनांनी खच्चून भरलेली असते. पाण्यात जीएफपीचा डी ८७ च्या आसपास, ई. कोलाय जिवाणूत सात-आठवर येतो. रँडम वॉक सोडा, फ्रॅक्शनल ब्राउनियन मोशन (ज्यात प्रत्येक उडी आधीच्या उड्यांशी जोडलेली असते) वापरा. माझं काम त्यानंच झालं.

खानापूरकर: संकेश्वरी, गर्दीनं वाढ मंदावते, थांबत नाही. शिवाय ७.७ हा आकडा जिवंत पेशीतच मोजलेला, गर्दी त्यात आलीच. परत कशाला घालायची?

संकेश्वरी: ई. कोलायमध्येच एमआरएनएसाठी (जनुकाचा संदेश नेणारा रेणू) अल्फा (एमएसडी वेळेच्या कितव्या घातानं वाढतं तो आकडा; सरळ रेषेला १) ०.७ मोजलाय, २००६ साली. तो काय खोटा?

खानापूरकर: खोटा कोण म्हणतंय? पण एमआरएनएचा तो कण केवढा मोठा नि जीएफपी केवढं लहान!

टिळकवाडी_काका: पोरांनो, पायथनच्या आधी सी शिका. पाया पक्का होतो. आणि पावसात लाइट जाते, फाइल सेव्ह करत जा.

निपाणीकर: काका, कोड चालतोय हो. पेशी ई. कोलायच, अजून कुठली असणार? डबा २ × १ × १ मायक्रॉन, भिंतीवर आपटला की कण परत फिरतो. डी मायक्रॉन वर्ग प्रति सेकंद. स्टेप ०.०१ सेकंद.

खानापूरकर: मग आडवा होणारच. डब्याबाहेर कण जाणार कुठं? लांबीच्या दिशेनं पाव सेकंदातच तो पेशीभर फिरून होतो. सरळ रेषा फक्त सुरुवातीला, तिचा चढ ६डी. पण तुमच्या स्टेपमध्ये कण प्रत्येक अक्षावर साधारण ०.३९ मायक्रॉन उडी मारतो आणि रुंदीच १ आहे, म्हणून ती रेषा धड दिसत नाही. स्टेप ०.०००१ करा. कण डब्यात कुठंही सोडले, तर आलेख १ मायक्रॉन वर्गावर टेकायला हवा: प्रत्येक बाजूचा वर्ग भागिले ६, तिन्हींची बेरीज.

निपाणीकर: स्टेप कमी केली, सुरुवात सरळ आली. पण टेकतोय ०.५ वर.

खानापूरकर: सगळे कण मधोमध सोडलेत ना? मधून सुटले की बरोबर निम्मं येतं. डब्यात विखरून सोडा आणि परत चालवा.