एसीत परत गॅस भरू की आधी लीकेज शोधू? मदत हवी आहे

मंडळी, दीड टनचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, आर-३२ गॅसवाला, वॉरंटी संपलेली. राहायला रत्नागिरीत, म्हणजे खारी हवा. गेल्या उन्हाळ्यात गॅस भरून घेतला आणि आता परत तेच, कूलिंग नाही, बाहेरच्या युनिटला बारीक पाईपवर बर्फ धरतो आणि तिथल्याच नटाशी तेलकट काळा डाग दिसतोय. फिल्टर धुतलेत, बाहेरची कॉइल साफ केलीये, फॅन कॉम्प्रेसर दोन्ही चालतात. मेकॅनिक म्हणतो प्रेशर बघून टॉप-अप मारतो, पण इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा स्पीड बदलतो तसं प्रेशरही बदलतं ना? आणि गॅस आपोआप संपत नाही, कुठून तरी जातोयच. मी म्हटलं नायट्रोजन दाबाने भरून लीकेज टेस्ट करा, व्हॅक्युम करा म्हणजे पाईपमधली हवा-ओल पंपाने ओढून काढा, मग युनिटच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढा गॅस वजनावर भरा, तर म्हणे एवढं कोणी करत नाही. आर-३२ पेट घेऊ शकतो आणि घरात लहान बाळ आहे, त्यामुळे घाईघाईत काम नकोच. नवीन एसीचं बजेट आत्ता नाही. तर फ्लेअर (नटात बसणारं पाईपचं पसरट केलेलं तोंड) नवीन मारून नट आवळला की भागेल, की कॉइलपण तपासावी लागेल, आणि हे सगळं नीट करायला साधारण किती खर्च धरू?