मेंढरांच्या जंताच्या औषधावर घातलेला पैसा खरंच वसूल होतो का?

खटाव_९०मेंढ्या:
राम राम मंडळी. आमच्याकडं माडग्याळ आन दख्खनी मिळून ९० मेंढ्या हायेत, खटाव तालुका, चराई मोकळीच. गेल्या वर्षी जुलैपासून दिवाळीपर्यंत दर महिन्याला सगळ्या खांडाला जंताचं औषध पाजलं, मेलं फारसं कोण नाही पण कोकरं विकायला काढली तर व्यापाऱ्यानं पाठीवरनं हात फिरवला, कणा चाचपला आन म्हणाला अंगात माल नाय, आन भाव पाडला. वडील म्हणतात औषध कमी पडलं, दुकानदार म्हणतो याच्यापेक्षा भारी घ्या, मला वाटतंय तो पैसा मक्याच्या भरड्यात घातलेला बरा. कुणी हिशेब मांडलाय का, जंतापायी वर्षाला नेमकं किती जातं? हगवण तर कुणाला नव्हती, मग जंत होते का नव्हते हेच कळंना.

जनावरांचा_डॉक्टर:
हगवण नाही म्हणजे जंत नाहीत हा समज आधी काढा. मेंढीत आपल्या भागात सगळ्यात जास्त पैसा खातो तो हिमोंकस, चौथ्या पोटात चिकटून रक्त पिणारा, दोन-तीन सेंटीमीटरचा, मादी असेल तर अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. त्यात हगवण बहुतेक वेळा लागतच नाही, लेंडी बांधीव पडते आणि मेंढी आतून पांढरी पडत जाते. शेवटी जबड्याखाली पाणी उतरतं तेव्हा सगळे धावतात. उलट लेंडीत शितासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक घाबरून दवाखान्यात येतात, ते पट्टकृमीचे असतात, नुकसान त्यामानाने कमी करतात.

आता हिशेब. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही, पण पोटात ५००० असले तर रोजचे २५० मिली झाले, आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास. ५००० वाली मेंढी मरते, ती तुम्हाला दिसते आणि तुम्ही तिचाच हिशेब धरता. हजार-दीड हजारवाली मरत नाही, ती चारा खाते, रक्त भरून काढायला वापरते, दूध कमी देते, कोकरू मागे राहतं. समजा ६० कोकरं, प्रत्येकी दोन किलो कमी भरली, जिवंत वजनाला किलोमागे ४०० रुपये धरले तर ४८ हजार. शिवाय व्यापारी पाठ चाचपून किलोचा दर पाडतो तो वेगळा. औषधाची बाटली काही शे रुपयांची, तिच्यावर वाद घालून उपयोग नाही, मोठी गळती वजनात आहे.

म्हणून "औषध बंद करून मका घालू" हे निम्मं बरोबर आहे, चांगल्या खाण्यावरची, विशेषतः प्रथिनं मिळणारी मेंढी जंत जास्त सोसते. पण तुमचं औषध लागू पडतंय का हे आधी बघा. दर महिन्याला सगळ्यांना पाजलं की औषधाने न मरणारे जंतच तेवढे उरतात आणि पुढची पिलावळ त्यांची. डोस द्यायच्या दिवशी दहा-बारा जनावरांची लेंडी, थेट गुदद्वारातून घेतलेली, जमिनीवरची नको, आणि १० ते १४ दिवसांनी त्याच जनावरांची परत, दोन्ही वेळा त्यातली जंतांची अंडी मोजून घ्या. अंडी निदान ९५ टक्के कमी झाली नाहीत तर ते औषध तुमच्या वाड्यात थकलंय. जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत होतं हे, जवळच्या दवाखान्यात विचारा.

वाघर_टाकलीय:
डॉक्टरसायबांचं बरोबर हाय पण एक ऱ्हायलं, जागा. आमची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, भात काढलेल्या रानात बसवायची, शेतकऱ्याला खत, आपल्याला धान्य नायतर पैका, आन पाऊस लागायच्या आत परत वर. म्हातारी माणसं पावसाळ्यात कोकणात का थांबत नव्हती, तर मेंढरू चिखलात खुरानं बी जातं आन पोटानं बी. आता चराईची रानं ऱ्हायली न्हाईत, कुठं कुंपण, कुठं ऊस, मग मेंढरं त्याच त्या तळ्याकाठच्या हिरव्यावर महिनाभर फिरत्यात, आपलंच हगलेलं आपणच खात्यात म्हणायचं, तिथं औषध काय करणार. आन सकाळी दव हाय तवर मेंढरू सोडायचं न्हाई, ही रीत आजपत्तूर चालत आलीय, नवीन पोरं लवकर सोडत्यात कारण १० वाजता दुसरं काम असतंय. बरं, खर्चात आणखी एक धरा, वाटंवर रक्त कमी झालेलं मेंढरू खांडाबरोबर चालत न्हाई, मग ते घोड्यावर टाका, न्हाईतर रस्त्यातच भेटंल त्या खाटकाला निम्म्यात द्या. ते कुणाच्या वहीत येत न्हाई.

जनावरांचा_डॉक्टर:
दवाचं एकदम खरं. अंड्यातून निघालेली अळी उबदार ओल्यात आठवड्याभरात तयार होते, ओलाव्यात गवतावर चढते, उन्हं तापली की खाली बुडाशी जाते, आणि सगळ्यात जास्त असते ती खालच्या चार-पाच सेंटीमीटरात. म्हणजे गवत बुडापर्यंत खरवडून खाल्लेल्या जागेवर परत मेंढ्या नेणं सगळ्यात महागात पडतं. पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत मादी अंडी घालायला लागते, रोज पाच हजारांच्या वर. आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर हा मोसम, एप्रिल-मेच्या उन्हात कोरड्या माळावर अळ्या फार टिकत नाहीत, कॅनॉलकाठची गोष्ट वेगळी.

सांगोला_बंदिस्त:
आमची मेंढी शेडमध्येच असते, चराई बंद, मग जंताचा विषयच संपला ना? शिवाय ऑस्ट्रेलियात या जंतावर लस आहे असं वाचलं, ती आपल्याकडे आणता येत नाही का? हे बाटल्या पाजत बसणं कधी थांबणार.

जनावरांचा_डॉक्टर:
लस आहे, बार्बरव्हॅक्स, २०१४ पासून ऑस्ट्रेलियात, पण मोसमात दर काही आठवड्यांनी टोचत राहावी लागते, आपल्याकडे बाजारात नाही, तिच्या आशेवर बसू नका. शेडमध्ये जंत कमी होतात, संपत नाहीत. कॅनॉलकाठचं ओलं गवत कापून तसंच दावणीत टाकलं तर अळ्या घरपोच, आणि पाणथळ जागेतलं असलं तर गोगलगायीमुळे यकृतातल्या चपट्या कृमीचाही धोका, त्याचं औषध वेगळं. कापून वाळवून टाका.

जातीचंही आहे. सुंदरबनच्या दलदलीतली गारोळ मेंढी हिमोंकसला बरीच दाद देत नाही, फलटणच्या निंबकर संस्थेत जुळ्यांसाठी तिचा संकर दख्खनीशी केला आणि जंत सोसण्यावरही अभ्यास झाला. तुम्ही तुमच्या खांडात एवढंच करा, ज्या मेंढीला दर पावसाळ्यात सारखं औषध द्यावं लागतं तिचं कोकरू पैदाशीला ठेवू नका, मेंढा तर मुळीच नको.

खटाव_९०मेंढ्या:
डॉक्टर साहेब धन्यवाद, म्हणजे सगळ्यांना नाही पाजायचं तर कुणाला पाजायचं ते कसं ओळखू? ९० जनावरांची लेंडी दर महिन्याला कोण नेणार. आन मेंढे आम्ही जूनच्या शेवटी मेंढ्यांत सोडतो, त्याच वेळी पहिला डोस असतो अल्बेंडाझोलचा, चालतंय का?

जनावरांचा_डॉक्टर:
हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता. अल्बेंडाझोल गाभण राहिल्याच्या पहिल्या महिन्यात नको, गर्भाला धोका. मेंढे सोडून महिनाभरात तुम्ही पुढचा, जुलैचा डोस पाजता, नेमकी तीच वेळ. मेंढी उलटली, म्हणजे परत माजावर आली, की लोक मेंढ्याला नावं ठेवतात. मेंढे सोडायच्या आधी पाजून मोकळे व्हा, नंतर गरज पडली तर फेनबेंडाझोल गाभण मेंढीला चालतं, तरी डॉक्टरला विचारून.

ओळखायचं पापणीवरून. दिवसाच्या उजेडात डोळ्याची खालची पापणी दाबून आतला रंग बघायचा, लालभडक ते पांढरा अशा पाच पायऱ्यांचा तक्ता असतो, दक्षिण आफ्रिकेत मेंढपाळांसाठी बनवलेला, फामाचा म्हणतात. पहिल्या दोन पायऱ्यांना औषध नको, चौथ्या-पाचव्याला लगेच, तिसरीला जनावर बघून ठरवा, कोकरू किंवा विण्याजवळची असेल तर द्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांत असतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त खांडाला बाटली लागणारच नाही, आणि जंतांत औषधाला मरणारेही शिल्लक राहतील. फक्त पापणी रक्त पिणाऱ्यापुरतीच सांगते, लेंडीची तपासणी वर्षातून एक-दोनदा करा.

अजून एक, अंदाजाने पाजू नका. २.५ टक्क्यांच्या अल्बेंडाझोलमध्ये एका मिलीत २५ मिलिग्रॅम असतं, किलोला साडेसात धरलं तर ३० किलोच्या मेंढीला ९ मिली. लोक सगळ्यांना पाच पाच मिली देतात आणि औषध बोगस म्हणतात. काट्यावर जड मेंढी घ्या, तिच्या वजनाने गटाचा डोस ठरवा.

वाघर_टाकलीय:
पापणी आम्ही बी बघतो की, तक्ता नसला म्हणून काय. पण पोराला दाखवायला बरा, कुठं मिळतो तो कागद?

जनावरांचा_डॉक्टर:
दवाखान्यात चौकशी करा, प्रशिक्षणातून देतात कधी कधी. मोबाईलवरचं चित्र वापरू नका, स्क्रीनचा रंग फसवतो.

खटाव_९०मेंढ्या:
औंदा मेंढे सोडायच्या आधी लेंडी घेऊन जातो. वडिलांना पटवायचं काम ऱ्हायलं, ते पापणी बघून म्हणतात सगळी लालच हायेत.