शब्दचर्चा : ‘रेहोबोथ’ आणि ‘कॅम्प मीटिंग’

प्रश्न :

अमेरिकेत डेलावेअर राज्यात अटलांटिकच्या काठी रेहोबोथ बीच नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात वॉशिंग्टनकडची माणसं तिथे लोटतात, म्हणून त्याला ‘देशाची उन्हाळी राजधानी’ म्हणतात. आज समोर दिसतो तो लाकडी फळ्यांचा बोर्डवॉक, खाऊची दुकानं, छत्र्या. पण १८७३ साली गाव वसवलं ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी, उपासनेसाठी. मी त्यावर मराठीत लिहिते आहे आणि दोन ठिकाणी अडले आहे. गावाच्या नावाचा अर्थ नेमका कसा सांगावा? आणि ‘कॅम्प मीटिंग’ला काय म्हणावं? ‘शिबिर’ लिहिलं की शाळेतलं एनसीसी आठवतं, ‘धर्मसभा’ म्हटलं की शास्त्रार्थ चाललाय असं वाटतं.

प्रतिसाद :

आधी नाव. बायबलमध्ये उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची गोष्ट आहे. गराराच्या खोऱ्यात त्याच्या माणसांनी विहीर खणली, तर तिथले गुराखी ‘पाणी आमचं’ म्हणून भांडायला आले. तिचं नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा. ती सितना, म्हणजे वैर. मग तो तिथून हलला आणि तिसरी खणली. तिच्यावरून कुणी भांडलं नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटलं, कारण आता परमेश्वराने आपल्याला ऐसपैस जागा दिली.

माझी कळकळीची विनंती : लेखात नुसतं ‘रेहोबोथ म्हणजे मोकळी जागा’ असं लिहून पुढे जाऊ नका. पहिल्या दोन विहिरी सांगितल्याशिवाय तिसरीचा अर्थ लागतच नाही. ही जागा आयती मिळालेली नाही, दोनदा माघार घेऊन मिळालेली आहे. आणि प्रतिशब्द ‘ऐसपैस’च ठेवा. ‘विस्तीर्ण’मध्ये नुसता आकार येतो, ‘ऐसपैस’मध्ये अंग मोकळं करून बसणारा माणूसही येतो.

एक तपशील : तिथल्या खाडीला रेहोबोथ हे नाव गावाच्या आधीपासून होतं. मेथडिस्टांना ते तयार मिळालं आणि मनासारखं निघालं.

प्रतिसाद :

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आता इस्राएलात राहते. इथे प्रत्येक रस्त्याच्या पाटीवर ‘रेखोव’ असतं, म्हणजे रस्ता. तोच धातू, रुंद असण्याचा. तेल अवीवच्या दक्षिणेला रेखोवोत शहर आहे, १८९०चं. त्याचं नाव याच विहिरीवरून ठेवलं. घशातल्या ‘ह’चा इथे ‘ख’ होतो आणि ‘ब’चा ‘व’, म्हणून कानाला वेगळं लागतं एवढंच. अरबीतलं ‘मरहबा’ही ह्याच कुळातलं. या, तुमच्यासाठी जागा आहे, असा त्याचा मूळ भाव.

प्रतिसाद :

‘कॅम्प मीटिंग’बद्दल. ही चाल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, केंटकीसारख्या नव्याने वसणाऱ्या मुलखातली. वस्त्या विखुरलेल्या, पाळक मोजके. मग लोक गाड्या जुंपून कुटुंबासकट एका ठिकाणी यायचे, झाडीत तंबू ठोकायचे आणि अनेक दिवस प्रवचनं, प्रार्थना, गाणी चालायची. १८०१ सालचा केन रिजचा मेळावा त्यात गाजलेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर हे मेळावे समुद्रकाठी सरकले : १८६९ साली न्यू जर्सीत ओशन ग्रोव्ह उभं राहिलं. विल्मिंग्टनचे पाळक रॉबर्ट टॉड तब्येत सुधारायला तिथे गेले आणि परतले ते डेलावेअरच्या किनाऱ्यावर तसंच काही करायचं ठरवून. त्यातून रेहोबोथची कॅम्प मीटिंग असोसिएशन निघाली.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचा आहे तो हरिनाम सप्ताह. गावाबाहेर मांडव, पंचक्रोशीतून आलेली माणसं, कीर्तन, पंगती, रात्रीचा मुक्काम. मी तर सरळ ‘सप्ताह’ लिहीन.

प्रतिसाद :

‘सप्ताह’ला माझा विरोध आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवायचा नसतो, पहारा असतो, काल्याचं कीर्तन असतं. तो शब्द वाचला की हे सगळं डोळ्यांपुढे येतं, आणि मेथडिस्टांकडे यातलं काही नव्हतं. त्यांचा भर होता पापाच्या कबुलीवर आणि नव्याने जगायला लागण्यावर. मराठी ख्रिस्ती मंडळी अशा सभांना ‘संजीवन सभा’ म्हणतात. घरातलाच शब्द असताना बाहेर कशाला जायचं? पहिल्यांदा ‘कॅम्प मीटिंग, म्हणजे राहुट्या ठोकून भरवलेला संजीवन मेळावा’ असं लिहा, पुढे नुसतं ‘मेळावा’ चालेल.

‘ग्रोव्ह’साठी, म्हणजे मेळाव्याच्या झाडीसाठी, कुणी ‘देवराई’ सुचवण्याआधीच सांगतो, नको. देवराई देवाच्या मालकीची, तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही. यांची झाडी सावलीपुरती होती.

आणि ‘टेंट’ शब्दाबाबत सावध राहा. त्या काळातलं एक छोटं लाकडी घर रेहोबोथमध्ये जपून ठेवलंय, अ‍ॅना हॅझर्ड संग्रहालय म्हणून. भिंती लाकडाच्या, तरी त्याला ‘टेंट हाउस’च म्हणतात. पुण्याच्या कॅम्पात तरी आता कुठे तंबू आहेत? आपण म्हणतोच ना, ‘कॅम्पात जाऊन येते’. तेव्हा त्या घराला ‘तंबू-घर’ म्हणा, ‘तंबू’ म्हणू नका.

प्रश्नकर्तीकडून :

‘राहुट्यांचा संजीवन मेळावा’ घेते. विहिरीही तिन्ही घेते. मग आजच्या ‘कॅम्प रेहोबोथ’ संस्थेचं काय करू? तिथेही शिबिर नाही ना?

प्रतिसाद :

अजिबात नाही. ती समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांसाठी काम करणारी संस्था आहे, १९९०च्या दशकाच्या उंबरठ्यावर सुरू झालेली. त्यातलं ‘कॅम्प’ हे आद्याक्षरांचं आहे, ‘रेहोबोथला अधिक सकारात्मक करू या’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचं. नाव जसंच्या तसं ठेवा. सगळ्यांना जागा हवी, हेच त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे विहिरीची गोष्ट त्यांनाही लागू पडते, आणि तुमच्या लेखात तो धागा यायलाच हवा. जुन्या मेळाव्यांचं पुढे काय झालं तेही सांगा : त्यांची असोसिएशन १८८१ साली गुंडाळली गेली. १८९१ मध्ये गावाचं नाव केप हेनलोपन सिटी झालं आणि दोनच वर्षांत पुन्हा रेहोबोथ.

लेखनाचं म्हणाल तर विहिरीसाठी मराठी बायबलमधलं ‘रहोबोथ’, गावासाठी ‘रेहोबोथ’. दोन्ही वेगळे ठेवलेत तर वाचणाऱ्याचा घोळ होणार नाही.