अभंगाची सहा गाणी तयार आहेत : अल्बम एकदम टाकावा की एकेक? आणि विकतचे प्ले घ्यावेत का?

कोमल_रिषभ
गिटार, तबला आणि टाळ अशा बाजाचे तीन अभंग वर्षभरात आले आहेत. चाली आमच्याच. स्पॉटिफायवरचे प्ले ४१२, ९३० आणि ३५५, फॉलोअर ६८. आणखी सहा तयार आहेत, आषाढीच्या आधी आणायचेत.
सहाही एकदम टाकावेत का? आमच्या प्रोफाइलवर त्याच नावाच्या एका पंजाबी गायकाचं गाणं येऊन बसलंय, ते कसं काढायचं? आणि ‘आठवड्यात ५०,००० प्ले’ असे मेसेज रोज येतात. त्या ९३० वाल्या गाण्यावर करून बघावं का?

पेन_ड्राइव्ह
एकदम नको. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एका वेळी एकच गाणं पिच करता येतं (म्हणजे प्लेलिस्टसाठी सुचवता येतं), तेही यायच्या आधीच. सहा एकत्र टाकलीत तर पाच गाणी कोणाच्या कानावर न घालताच बाहेर पडली म्हणायची.

दर पाच-सहा आठवड्यांनी एक सिंगल आणा, शेवटी अल्बम. फाइल वितरकाकडे (तुमची गाणी स्पॉटिफायवर चढवणारी कंपनी) चार आठवडे आधी द्या, म्हणजे ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या पानावर आगामी गाणं वेळेत दिसेल. तारखेच्या किमान सात दिवस आधी पिच केलं तर ते तुमच्या फॉलोअरांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये जातं. ६८ तर ६८, पण ती माणसं ऐकणारी आहेत. पिचला ५०० अक्षरं मिळतात. ‘हृदयस्पर्शी रचना’ वगैरे लिहून ती वाया घालवू नका. वाद्यं, ताल, भाषा, कुठल्या प्रसंगाचं गाणं आणि तुम्ही त्यासाठी काय करणार (रील्स, कार्यक्रम) एवढं लिहा.

सिंगल अल्बममध्ये घेताना आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक) तोच द्या आणि फाइलही तीच, नवं मास्टर (अंतिम तयार फाइल) नको. तसं केलं तर प्ले जुळतात, नाहीतर मोजणी शून्यापासून. जुना सिंगल लगेच काढून टाकायची घाई करू नका, आधी आकडे जुळलेले बघा.

आषाढीचं म्हणाल तर सगळ्यांचे अभंग शेवटच्या आठवड्यात येतात. पालख्या देहू-आळंदीहून निघतात तेव्हापासून एकादशीपर्यंत जवळजवळ तीन आठवडे मिळतात. प्रस्थानाच्या आधीचा शुक्रवार धरा. सहाही तोवर बसणार नाहीत. दोन आणा, बाकीचे कार्तिकीकडे न्या.

पंजाबी गाण्याबद्दल : फॉर्म भरताना कलाकाराच्या फक्त नावावर भागवलं की ही सरमिसळ होते. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून ‘हे गाणं आमचं नाही’ अशी तक्रार करा. पुढच्या प्रत्येक गाण्याला वितरकाच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या प्रोफाइलची लिंक जोडा. भाषेच्या रकान्यात मराठी आहे ना तेही बघा, बऱ्याच जणांचं घाईत हिंदी राहून गेलेलं असतं. आणि गाण्याच्या नावात ‘विठ्ठल’चं रोमन स्पेलिंग एकच ठरवा. एका गाण्यात दोन टी, दुसऱ्यात एक, असं केलंत तर शोधणारा अर्ध्यात सोडतो.

डब्बा_मिक्स
विकतचे प्ले : अजिबात नको. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले नसतील तर त्या गाण्याचे रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. म्हणून ९३० वाल्याला मोह होतो. पण वेगवेगळे श्रोतेही किमान ठरावीक संख्येने हवेत अशी अट आहे, आणि तो आकडा स्पॉटिफाय जाहीर करत नाही. म्हणजे घरच्यांनी रात्रभर फोनवर गाणं फिरवत ठेवूनही भागत नाही. बनावट प्ले सापडले तर स्पॉटिफाय गाण्यामागे वितरकाकडून दंड घेतं, वितरक तो तुमच्यावर टाकतो किंवा गाणंच उतरवतो. आणि तुम्ही नुसती प्लेलिस्टमधली जागा विकत घेतली असं समजत असाल तरी मागे बॉट असू शकतात. ओळखायचं कसं? प्ले चढतात, सेव्ह (गाणं जपून ठेवणारे) जागच्या जागी, आणि शहरांच्या यादीत पुणे-मुंबईच्या वर भलतीच गावं. यातून सुटलात तरी ‘हे ऐकणारे आणखी काय ऐकतात’ हा हिशेब बिघडतो आणि गाणं चुकीच्या माणसांपुढे जात राहतं.

आता गाण्यांकडे. तानपुरा आणि आलाप मिळून सुरुवात किती सेकंदांची आहे? ३० सेकंद ऐकलं तरच प्ले मोजला जातो. ऑटोप्लेवर आलेला अनोळखी श्रोता ५० सेकंद मुखड्याची वाट बघत नाही.

मास्टरची पातळी -१४ एलयूएफएस (आवाजाची सरासरी मोजायचं एकक), ट्रू पीक म्हणजे सर्वांत उंच टोक -१ डीबी. कमी आवाजाच्या मास्टरचा आवाज स्पॉटिफाय स्वतः वाढवतं, पण पीकला जागा असेल तेवढाच. टाळाचा एक टोला -१ ला टेकलेला असेल तर अख्खं गाणं खाली अडकतं आणि प्लेलिस्टमध्ये शेजारच्या गाण्यापुढे मिणमिणतं वाटतं. मास्टर सरसकट दाबू नका. टाळाच्या ट्रॅकवरच लिमिटर लावून ते टोले दोन-तीन डीबी खाली आणा.

चाल_लावणारा
आलाप कापायच्या सल्ल्याशी अर्धाच सहमत. अभंग ऐकणारा आलापासाठीही येतो. मुखडा पंधरा सेकंदांच्या आत येईल अशी छोटी आवृत्ती सिंगल म्हणून द्या, आलापासकटची लांब आवृत्ती वेगळ्या आयएसआरसीने अल्बममध्ये.

शब्द संतांचे, त्यावर कोणाचा हक्क नाही. चाल मात्र संगीतकार गेल्यावरही ६० वर्षं त्याची असते, त्यामुळे लोकांच्या ओठांवरची चाल ‘पारंपरिक’ लिहून खपवू नका. तुमच्या चाली स्वतःच्या असल्याने आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) संगीतकार म्हणून नोंदवा, वितरकाकडून येणाऱ्या पैशांत ती रॉयल्टी धरलेली नसते. तबल्याचे तयार लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) वापरले असतील तर वितरकाच्या फॉर्ममध्ये यूट्यूबच्या कंटेंट आयडीची (इतरांच्या व्हिडिओत तुमचं गाणं ओळखून दावा लावणारी यंत्रणा) खूण करू नका. तेच लूप दुसऱ्या दहा जणांच्या गाण्यांत असतात आणि दाव्यांची भांडणं तुमच्या गळ्यात येतात.

कोमल_रिषभ
सुरुवात ४८ सेकंदांची आहे. छोटी आवृत्ती करतो. लूप एका गाण्यात आहेत, तिथली खूण काढतो. रील्सला इन्स्टाग्रामवर गाणं सापडत नाही, ते का?

पेन_ड्राइव्ह
खातं बिझनेसचं असेल, त्यात बरीचशी गाणी दिसत नाहीत. क्रिएटर खात्यावर या. वितरकाकडे मेटाची (इन्स्टाग्रामची कंपनी) टिक केली आहे का तेही बघा. आणि आवाज व्हिडिओत भरून चढवू नका, लायब्ररीतलं गाणंच जोडा. नाहीतर तो ‘मूळ ऑडिओ’ म्हणून वेगळा पडतो आणि इतरांनी तो वापरला तरी तुमच्या गाण्याच्या पानावर मोजला जात नाही.